एक्केचाळिसावा नियम

खालिदनं पार्सल सोडलं ते ईदच्या कपड्यांची घडी उलगडावी तसं. चिकटपट्टी फाडली नाही, कडेकडेनं नखानं उचलली. आतून पुस्तक निघालं, जाडजूड, हिरव्या पाठीचं. वर सोनेरी इंग्रजी अक्षरांत 'दुसरी आवृत्ती' असं छापलेलं.

मानोऱ्यात सैफुद्दीनचाचांचं बाइंडिंगचं दुकान आहे. रविवारी दुपारी ते बंद असतं, पण शटर अर्धंच ओढलेलं असतं, कारण आत खळीचा डबा आणि पुस्तकं दाबायचा शिकंजा बाजूला सारून चार जणं टेबलाभोवती बसलेली असतात. चाचांचा पोरगा खालिद, त्याची बहीण नाजिश, धुमकीच्या वाटेवरल्या तांड्यावरचा राजपाल, आणि रीता राठोड. सहा वर्षं झाली, हा नेम चुकलेला नाही.

नवं पुस्तक पाहून रीताला काही झालं नाही. हातातले फासे तिनं खाली ठेवले ते राजपालनं विचारलेल्या पहिल्याच प्रश्नानं.

"यात आपला एक्केचाळिसावा कितव्या पानावर हाय?"

आता हा खेळ काय, ते आधी सांगितलं पाहिजे. त्याचं मूळ नाव इंग्रजीत काहीतरी लांबलचक आहे; ही मंडळी त्याला 'वेशीपल्याड' म्हणतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो. तुम्ही वेशीबाहेर पडलात, समोर नदी आहे, पाण्यात काहीतरी हललं, बोला, काय करता? बाकीचे आपापल्या गड्याच्या तोंडून बोलतात, आणि झेपलं की नाही ते वीस पैलूंचा फासा ठरवतो. गोष्ट एका बैठकीत संपत नाही, वर्षानुवर्षं चालते; प्रत्येक गड्याचा एक कागद असतो, आणि पराक्रम केला की तो एकेक पायरी चढतो. ज्याला कीर्तनाची गोडी आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. आख्यान तोंडपाठ असलं तरी माणूस मांडी मोडत नाही, कारण आज बुवा कोणत्या वळणानं नेतील ते त्याला ठाऊक नसतं.

रीता सूत्रधार होती. असणारच. कीर्तनकार हरिसिंग महाराजांची ती लेक. सातव्या वर्षापासून बापाच्या मागं टाळ घेऊन उभी राहिलेली. गोष्ट कुठं ताणायची, कुठं सोडायची, समोरच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की लगेच हसवायचं कसं, हे तिनं शिकवणी लावून शिकलेलं नव्हतं. पोटापाण्यासाठी ती पोरांना गणित शिकवायची. रविवार मात्र वेशीपल्याडचा.

"नाही आहे," खालिद पानं उलटत म्हणाला. "इथं वेगळंच लिहिलंय. जो खेळायले आला नाही त्याचा गडी सूत्रधारानं चालवावा."

"चालवावा म्हंजे?" राजपाल ताठ झाला. "बैल हाय का तो?"

"अरे, सोपं झालं ना त्यानं! जुन्यात एका लढाईले दोन घंटे लागतात. ग्रुपवर सगळे तारीफ करून राह्यले."

"सगळे?" नाजिशनं सुईत दोरा ओवत विचारलं. ती बायकांचे ब्लाउज शिवायची आणि खेळताखेळता काजं करायची. "भाईजान, कालच तर तुम्ही तिथं कोणाला तरी 'बुढ्ढे' म्हणाले."

फोनवर या खेळवेड्यांचा एक ग्रुप होता, देशभरातली सात हजार माणसं. महिनाभर तिथं रण माजलं होतं. जुनेवाले म्हणत, नवं पुस्तक म्हणजे लेकरांचा खाऊ. नवेवाले म्हणत, जुने म्हातारे चष्मा पुसतपुसत बेरजा करतात, करू द्या. कोणी कोणाला ग्रुपातून काढलं, कोणी रुसून स्वतःच निघालं. राजपाल हे सगळं कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात बसून खालिदच्या तोंडून फोनवर ऐकायचा. दरवर्षी दिवाळीच्या आधी तो ऊस तोडायला जायचा आणि उन्हाळा लागला की परतायचा. यंदा आल्याला पाचच दिवस झाले होते.

"ते सात हजार काय म्हनतात मले नाई माहीत," तो म्हणाला. "माही गोठ ऐक. सहा वर्सं मी आर्धं साल भाईर असतो. कोनत्या खेळात घेतात असा गडी? या खेळानं घेतला. काहून? तर ज्यानं हे पुस्तक लिवलं त्याले माहीत होतं की दुनियेत कामासाठी गाव सोडनारा मानूस असते. मी फडावर साऱ्यायले सांगतो, बावा, विलायती पुस्तकात आपल्यासाठी एक कलम हाय. अन् आता नवं काढलं तर तेच खोडलं? मंग हे पुस्तक ठेव तुह्यापाशी. तो नियम नसन तर मी बी नाई."

"राजपालभाऊ, एका नियमासाठी?"

"एकच होता माहा."

खालिदनं हात जोडले. तो मनाचा वाईट नव्हता, नव्याचा हौशी होता इतकंच. "बरं, असं करू. जुनं असली पुस्तक कारंज्याला अमानजवळ आहे, माह्या हॉस्टेलवाल्या दोस्ताजवळ. बसच्या ड्रायव्हरजवळ देईल तो. पुढच्या रविवारी दोन्ही पुस्तकं समोरासमोर ठेवू. एक्केचाळिसाव्याचा फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, बनवनाऱ्यालेच विचारतो, हा काहून काढला? अन् आपल्या टेबलावर तो चालूच ठेवू. मंजूर?"

"मंजूर," राजपाल म्हणाला.

"मंजूर," नाजिश म्हणाली.

रीतानं मान हलवली, पण 'मंजूर' म्हणाली नाही.

कारण जुन्या पुस्तकात एक्केचाळिसावा नियमच नव्हता.

सहा वर्षांपूर्वी अमानचं पुस्तक अकरा दिवसांसाठी मिळालं होतं. राजपालला इंग्रजी येत नव्हतं, नाजिशला अडखळत यायचं; म्हणून रीतानं ते सगळं मराठीत उतरवलं, दोनशे पानी वहीत, लाल आणि निळ्या शाईनं. सैफुद्दीनचाचांनी ती वही शिवून, पाठीला लाल कापड लावून दिली. पुस्तक परत गेलं. वही राहिली, आणि वहीच पुस्तक झाली.

उतरवता उतरवता दहाव्या दिवशी ती एका ओळीशी थबकली होती. सलग तीन बैठकींना जो येणार नाही, त्याचा गडी धुक्यात मेला असं समजावं आणि त्याचा कागद फाडून टाकावा. त्याच सकाळी राजपालनं आपल्या गड्याला आज्याचं नाव दिलं होतं, धनसिंग. कागदावर त्याची पगडीसुद्धा काढली होती. आणि दीड महिन्यावर दिवाळी होती.

रीतानं ती ओळ गाळली. आणि शेवटी, चाळीस नियमांखाली, त्याच लाल शाईत, त्याच वळणात लिहिलं: 'एक्केचाळीस. जो कामासाठी परगावी जाईल त्याच्या गड्याला मरण नाही. मालक येईस्तोवर तो वेशीवरल्या धर्मशाळेत निजून राहील, आणि निजला होता त्याच पायरीवर उठेल.'

तेव्हा तिला वाटलं होतं, एक ओळ आहे, काय बिघडतं? पण त्या ओळीवर एक माणूस सहा वर्षं घर बांधून राहिला. खालिद आणि नाजिशचे गडी चढत चढत बाराव्या पायरीला पोचले. धनसिंग दर साली सहा महिने निजायचा. तो अजून सातवीवर होता. तरी राजपालनं कधी कुरकूर केली नाही. पुस्तकात आहे ना, मग बरोबर आहे.

रविवारचा सोमवार झाला, सोमवारचा मंगळवार. वर्गात रीतानं फळ्यावर एकच गणित दोनदा सोडवलं आणि उत्तरं वेगळी आली. फोन वाजला की तिला वाटायचं, अमाननं पानाचे फोटो आधीच पाठवले. आपणच अमानला फोन करावा, पुस्तक पाठवू नको म्हणावं, असंही एकदा मनात आलं. नंबर काढला, आणि फोन पालथा घातला.

शुक्रवारी मेडशीला सप्त्याची समाप्ती होती. सकाळचं काल्याचं कीर्तन हरिसिंग महाराजांचं. मांडवात बसायला जागा नव्हती, बाया उन्हात पदर घेऊन उभ्या. महाराज रंगात आले, आवाज चढला, मृदंग लग्गीच्या जलद ठेक्यावर आला, आणि रीताचा टाळ चुकला. एकदा नव्हे, दोनदा. महाराजांनी मागं पाहिलं नाही, पण त्यांचा डावा हात पाठीमागं गेला आणि दोन बोटांनी ठेका धरून तिला वाटेवर आणून गेला.

परतीच्या एसटीत ते म्हणाले, "ताप गिप आला का वं?"

"नाई, बा." मग खिडकीकडे पाहतच तिनं विचारलं, "बा, कीर्तनात एखाद्यानं आपलीच ओळ संताच्या नावावर खपवली तर?"

"तर ते कीर्तन नाई. चोरी."

"ओळ चांगली असली तरी?"

"चांगली असन तर जास्ती." महाराजांनी उपरण्यानं तोंड पुसलं. बसनं दोन थांबे घेतले. मग ते हळू आवाजात बोलले, पुढच्या बाकावरच्याला ऐकू जाऊ नये असं. "मी बी केली हाय. जवान होतो. अनसिंग गावाच्या बाजूले एका खेड्यात अभंगाचा तिसरा चरन आठोला नाई. तोंडाले आली ती ओळ म्हनली, चालीत बसवून. कीर्तन झाल्यावर एक म्हातारा आला, पायावर डोक्सं ठेवलं, म्हने, महाराज, तिसऱ्या चरनानं माही रडारड थांबली. त्याचा जवान पोरगा गेलता. म्हने, कोन्या संताचा? म्या एका संताचं नाव सांगतलं."

"खरं काहून नाई सांगतलं?"

"तो पाया पडून राह्यला होता वं. पाया पडनाऱ्याले कसं सांगावं?" त्यांनी खिडकीची काच उगीच खालीवर केली. "त्या घरी आजबी म्हनतात ते. मले मात्र त्या गावाचं आवतन आलं की कंबर दुखते."

रीताला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

शनिवारी ती राजपालच्या तांड्यावर गेली. सांगूनच टाकायचं, चौघांत नको, त्याला एकट्याला आधी. राजपाल अंगणात कोयत्याच्या मुठीला सुतळी गुंडाळत होता. तिला पाहून घाईनं उठला, बाज झटकली, आणि ती बोलायच्या आत आतून एक घडी केलेला कागद घेऊन आला.

"बरं झालं आली. हे पाह्य. माह्या हातानं लिवलं हाय, चुकायले हसू नको. इंग्रजीत करून दे. खालिद फोटो पाठवन ना, त्याच्यासंगं हे बी पाठवू."

कागदावर मोठ्या, एकेक सुट्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'पुस्तक लिहिणाऱ्या साहेबाले राजपाल पवार याचा राम राम. तुमी कलम ४१ लिहिले, त्याच्यानं मले सहा वर्से गावात दोस्त राहिले. तुमी पण कधी घर सोडून कामाले गेले असान. नाहीतर असं सुचत नाही.'

रीतानं ते दोनदा वाचलं. बापाच्या गोष्टीतला तो न पाहिलेला म्हातारा तिच्या डोळ्यांपुढं उभा राहिला, पायाशी वाकलेला.

"जमन ना?" राजपालनं विचारलं.

"जमन," ती म्हणाली, आणि कागद पिशवीत घालून निघून आली. वाटेत तिनं स्वतःला नाही नाही ते म्हणून घेतलं.

रविवारी दोन वाजता ड्रायव्हरनं खाकी कागदातलं पुस्तक खालिदच्या हातात दिलं. टेबलावर एका बाजूला हिरवं नवं, मध्ये लाल पाठीची वही, आणि खालिद दोरी सोडायला लागला. राजपालनं धुतलेला सदरा घातला होता. फोटो काढायचा होता ना.

"थांब," रीता म्हणाली. आवाज तिचाच होता, पण कुठून तरी लांबून आला. "नको सोडू. त्यात नाही तो."

"कोन?"

"एक्केचाळिसावा. पुस्तकात चाळीसच आहेत. तो म्या लिवला."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. खालिदनं दोरीवरून हात काढला. नाजिशनं सुई कापडात खोचून ठेवली.

"मंग त्यात काय लिवलं हाय?" राजपालनं विचारलं. शांतपणानं विचारलं, आणि रीताला तेच भारी पडलं.

तिनं सांगितलं. तीन बैठका, धुकं, कागद फाडावा. पाठ होतं तिला.

"म्हंजे पयल्याच साली मेलो होतो मी." तो हसल्यासारखं करू लागला, ते त्याला जमलं नाही. "सहा वर्सं मुर्दा बसवला तुमी हितं. कीव आली असन."

"कीव नाई, राजपालभाऊ. आपन चारच जन होतो, तू गेला असता तर..."

"माही चिठ्ठी कोठी हाय?"

"पिशवीत."

"राहू दे." तो उठला. धनसिंगचा कागद त्यानं खिशातून काढून टेबलावर ठेवला, त्यावर चाचांचा दगडी बत्ता ठेवला, उडू नये म्हणून, आणि शटरखालून वाकून निघून गेला.

त्या दिवशी कोणी खेळलं नाही. खालिदनं दोन्ही पुस्तकं एकावर एक ठेवली. "ग्रुपवर मी आज सकाळीच टाकलं," तो म्हणाला. "की आमच्याकडे जुनी आवृत्ती आहे अन् तिच्यात असा नियम आहे. दोघांनी विचारलं, कोणतं पान? बाकी चाळीस जणांनी लिहिलं, असा नियम पाहिजेच. मिटवून टाकतो."

"नको मिटवू," रीता म्हणाली. "माहं नाव टाक त्याखाली."

आणि वहीतही तिनं तेच केलं. एक्केचाळिसाव्याच्या खाली निळ्या शाईनं लिहिलं, 'हा नियम पुस्तकातला नाही. रीता हरिसिंग राठोड.'

पुढचा रविवार आला. राजपाल आला नाही. तिनं तीन निरोप पाठवले होते, तिन्ही त्यानं वाचलेले दिसत होते. नाजिशनं त्याचं स्टूल ओढून ठेवलं, आणि पाच वाजता परत भिंतीशी लावलं. त्याच्या पुढचा रविवारही तसाच गेला. बत्त्याखालच्या कागदावर धुळीची रेघ दिसायला लागली, तरी तो कोणी हलवला नाही.

"दीदी," निघताना नाजिश म्हणाली, "येत्या इतवारी तीन होतात."

तीन. पुस्तकाप्रमाणं धुकं. रीताला ठाऊक होतं की वही तिची आहे, नियम तिचा आहे, धनसिंगला कोणी हात लावणार नाही. पण गडी मरत नसला म्हणून काय झालं, माणूस तर येत नव्हता. आठवडाभर तिला जेवण गेलं नाही. हरिसिंग महाराजांनी विचारलं नाही. फक्त रोज ताटात भाकरीचा पापुद्रा काढून तूप घालून समोर सरकवत राहिले.

तिसऱ्या रविवारी चार वाजले. सव्वाचार. खालिदनं फासे डबीत भरले. आणि शटर खडाडकन पूर्ण वर गेलं.

राजपाल. घामानं भिजलेला, कपाळावर आठ्या, आणि हातात काही नाही.

"वही दे," तो म्हणाला.

रीतानं दिली. त्यानं उभ्याउभ्याच शेवटचं पान काढलं, नियमावरून आणि खालच्या सहीवरून बोट फिरवत वाचलं. ओठ हलत होते. मग वही टेबलावर आपटली.

"तूच लिवला ना हा? पक्कं?"

"हो."

"मंग तुलेच विचारतो. त्या साहेबाले विचारता येत नव्हतं, म्हून सहा वर्सं गप बसलो. माहा धनसिंग निजून काहून राह्यते?"

रीताला कळेना. "म्हंजे?"

"म्हंजे काय! तुमी हितं पायऱ्या चढता, अन् तो धर्मशाळेत घोरते? मी तिकडं झोपा काढतो का? पहाटे तीनले उठून मोळ्या बांधतो. दोनदा साप मारला. गाडी पलटली तवा माह्या बायकोले चाकाखालून काहाडली. अन् हितं येतो तर धनसिंग जसा गेला तसाच, डोळे चोळत! साहेबाले नसन समजत, मी म्हनलं जाऊ दे. तुले काहून नाई समजलं? तुहा बाप गेला नाई का कवा ऊसतोडीले?"

"गेला होता," रीता म्हणाली. "दोन साल."

"निजला होता का थो?"

"नाई."

"मंग लिव." त्यानं भिंतीशी लावलेलं स्टूल पायानंच ओढलं आणि बसला. "निजून राहीन हे खोड. लिव की तो बी प्रवासाले गेला. अन् येतो तवा पायऱ्या चढून येतो. पाच कमी हायेत माह्या, पाची पाह्यजेत."

"पाच?" खालिद ओरडलाच. "एकदम पाच? भाऊ, खेळाचा तोल जाईल! नव्या पुस्तकात एका वेळी..."

"घाल चुलीत नवं पुस्तक!"

"अन् जुनं?" नाजिशनं बारीक आवाजात विचारलं.

"ते बी! त्यानं तर मले मारलंच होतं."

"तीन देतो," खालिद म्हणाला.

"तू कोन देनार बे? सूत्रधार तू हाय का?"

दोघं टेबलावर हात आपटू लागले. बत्ता सरकला, नाजिशनं कागद वरचेवर उचलला आणि फुंकर मारून धूळ उडवली. रीतानं निळी शाई घेतली, 'निजून राहील' यावर रेघ मारली. पुढं काय लिहायचं ते तिला अजून नीट सुचत नव्हतं, आणि राजपालनं तिला माफ केलं की नाही तेही कळलं नव्हतं. तो तिच्याकडे पाहतच नव्हता, खालिदशी भांडत होता. पण स्टुलावर बसून भांडत होता.

"त्या सापाचं नीट सांग," ती म्हणाली. "कोणत्या फडात? दिवस कोणता होता?"

राजपाल थांबला. गुडघ्यावर हात टेकून पुढं वाकला.

"पयला का दुसरा?" त्यानं विचारलं.

"पयल्यापासून," रीता म्हणाली, आणि लिहू लागली.